'शेतकऱ्याचा असूड' आणि जमिनीखालचे पाणी

महात्मा जोतीराव फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाशी आपल्या बडोद्याचा जो संबंध आहे, तो आपल्यापैकी पुष्कळांच्या ध्यानात नसतो. ग्रंथाच्या उपोद्घातात स्वतः जोतीरावांनीच तो नोंदवून ठेवला आहे. हा ग्रंथ लिहून होत असताना त्यातील काही भाग त्यांनी पुणे-मुंबईकडील सभांतून आणि लहानसहान गावांतून वाचून दाखविला, त्याचप्रमाणे श्रीमंत सयाजीराव महाराजांसमोरही वाचला. महाराजांनी राज्यकारभाराची कामे बाजूस ठेवून तो लक्षपूर्वक ऐकला व ग्रंथकर्त्यास द्रव्यसाहाय्यही केले. ग्रंथ १८८३ सालचा. महाराजांना अखत्यारी १८८१ च्या डिसेंबरात मिळाली होती, आणि ग्रंथाच्या वेळी त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. ज्या राज्याची सूत्रे नुकतीच हाती आली, त्याचे चार प्रांत होते : बडोदे, नवसारी, अमरेली आणि कडी. यांपैकी कडी प्रांत म्हणजे पुढचा मेहसाणा जिल्हा. या लेखात त्याचा उल्लेख वारंवार येणार असल्याने आरंभीच सांगून ठेवतो.

गेल्या वर्षी आपल्या वाचनमंडळात हा ग्रंथ घेतला होता, तेव्हाची चर्चा ज्यांनी ऐकली त्यांना आठवत असेल की, दोन तास आपण सर्वजण पहिल्याच पानावर होतो. अविद्येने मती, नीती, गती यांचा क्रमाने नाश होतो, हे सांगणाऱ्या आरंभीच्या ओळी सर्वांना मुखोद्गत असतात. त्यांचा अर्थ, त्यांचा प्रभाव, त्यांचे आजचे महत्त्व यांवर भाषणे होतात आणि ग्रंथ मिटला जातो. मंडळाच्या प्रतीची स्थितीही तेच सांगते : पहिल्या प्रकरणाची पाने हाताळून मळलेली, पाचव्याची जवळजवळ कोरी. याला ग्रंथाचे प्रकाशनही काही अंशी कारण आहे. पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधू' पत्रात छापली गेली. पुढची छापण्यास संपादक धजले नाहीत, आणि जोतीरावांनी त्याबद्दलची नाराजी लपविली नाही. धनंजय कीर व स. गं. मालशे यांनी संपादिलेले समग्र वाङ्मय राज्य शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने १९६९ साली काढले, तेव्हापासून हा ग्रंथ अखंड स्वरूपात सामान्य वाचकास सहजी मिळू लागला. तोवर त्याची कीर्ती ठरून गेली होती. भटशाहीवर आणि गोऱ्या अंमलदारांवर ओढलेला कोरडा, एवढीच ती कीर्ती.

ती खोटी आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु माझ्या मते या ग्रंथात तितकाच पक्का असा दुसरा एक विचार आहे, आणि समीक्षकांनी त्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. माती, पाणी, चारा, लाकूड या ज्या वस्तू वापरून पुन्हा निर्माण होतात, त्या कशाने निर्माण होतात आणि कशाने संपतात, याचा तो विचार आहे. एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्यात तो इतक्या बारकाईने मांडलेला मला अन्यत्र आढळला नाही.

जोतीरावांच्या डोळ्यांसमोर त्या वेळी काय होते, हे लक्षात घेतले पाहिजे. १८७५ साली पुणे-नगर भागात सावकारांविरुद्ध दंगे झाले. १८७६ ते १८७८ हा दख्खनचा भीषण दुष्काळ. त्याच १८७८ साली नवा जंगल कायदा आला आणि राखीव रानांच्या हद्दी आखल्या जाऊ लागल्या. दुसऱ्या प्रकरणात जोतीराव सांगतात की, पूर्वी ज्या गरीब कुणब्याचे तुटपुंज्या जमिनीवर भागत नसे, तो जवळच्या रानातील फळे, पाने, फुले, लाकूडफाटा यांवर मीठमिरचीपुरता पैसा मिळवी आणि गावच्या गायरानाच्या भरवशावर एखाददुसरी गाय व दोनचार शेळ्या पाळून आपल्या गावीच राही. नव्या खात्याने डोंगर, दऱ्या, पडीत जमिनी आणि गायराने यांना एकाच कुंपणात घातले, तेव्हा शेळीला उभे राहण्यास जागा उरली नाही. येथवर ही तक्रार इतर अनेकांनी केलेल्या तक्रारीसारखीच आहे. जोतीरावांचे वैशिष्ट्य पुढे आहे. गायरान गेल्यामुळे जनावरे घटली, जनावरे घटल्यामुळे खत घटले, खत घटल्यामुळे जमिनीचा कस गेला, ही साखळी ते पकडतात. तिलाच जोडून आणखी एक कडी ते दाखवितात : कुणब्यापाशी पूर्वी पाळीपाळीने काही शेते ओसाड टाकण्याइतकी जमीन असे, आता ती राहिली नाही, म्हणून जमिनीला विसावा मिळत नाही आणि ती वर्षानुवर्षे नापीक होत जाते.

हा 'विसावा' मला या ग्रंथातील कळीचा विचार वाटतो. गवत पुन्हा उगवते, झाड पुन्हा फुटते, माती पुन्हा सकस होते, विहीर पुन्हा भरते. पण प्रत्येकीला आपापला अवधी लागतो, आणि तो देण्याची ऐपत ज्याच्यापाशी नाही त्याच्या हातून ती वस्तू संपते. जोतीरावांच्या मते ही ऐपत कुणब्याच्या आळसाने गेलेली नव्हती. साऱ्याची वाढ, सावकाराचे व्याज आणि खात्याचे कुंपण यांनी ती घालविली होती. आज आपण ज्याला पुनर्निर्मितीक्षम संपत्तीचा ऱ्हास म्हणतो, त्याचे कारण एखाद्या माणसाच्या हावरेपणात न शोधता त्याच्या अडचणीत शोधणारा हा लेखक आहे.

पाचव्या प्रकरणात उपाय येतात. त्यांचे गद्य वाचताना प्रथम जड जाते. वाक्ये लांब, एकात एक गुंतलेली, याद्यांनी भरलेली. डोंगरावरचे गवत, झाडांची पाने, मेलेले किडे, जनावरांची हाडे यांचे कुजलेले सत्त्व वळवाच्या पावसाने धुपून ओढ्यात वाया जाते, असे ते म्हणतात, आणि म्हणून लष्करातील व पोलिसातील रिकाम्या शिपायांकडून जागोजाग ताली व बंधारे घालून घ्यावेत, जेणेकरून पावसाचे पाणी शेतांत मुरून मग नदीनाल्यास मिळेल, असे सुचवितात. तलावांतला गाळ पूर्वीप्रमाणे शेतकऱ्यांना नेऊ द्यावा. गायराने गावांना परत द्यावीत. वाचताना ही एखाद्या कंत्राटदाराची टिपणवही वाटते, आणि तसे वाटणे योग्यच आहे, कारण जोतीरावांनी बांधकामांचे ठेके घेतलेले होते. दगड, चुना, उतार आणि पाणी यांचा हिशेब त्यांच्या हाताखालून गेलेला होता. आपल्या ललित वाङ्मयात डोंगर पुष्कळ आले. पावसाळी डोंगराचा रंग, त्यावरचा ढग, त्याची सावली यांवर आपण भरभरून लिहिले. ज्याच्या अंगावरून सत्त्व ओघळते आणि खालच्या शेताला मिळते किंवा मिळत नाही, असा डोंगर मात्र आपल्या गद्यात क्वचितच दिसतो. या परिच्छेदाला कोणी सुंदर म्हणणार नाही. मी त्याला उत्तम गद्य म्हणेन.

आता ग्रंथाच्या ज्या उणिवेसाठी हा लेख लिहिण्यास घेतला, तिच्याकडे वळतो.

जोतीराव लाकडाविषयी बोलतात तेव्हा उपयोग आणि विक्री यांत भेद करतात. गायरानातून जळणाला काटक्या आणि शेतीच्या कामाला लाकूड घ्यावे, विकण्यासाठी मात्र तोडू देऊ नये, असे त्यांचे म्हणणे आहे. सरकारी कालव्याच्या पाण्याविषयी बोलताना ते मापाचा आग्रह धरतात : प्रत्येक शेतकऱ्यास त्याच्या गरजेपुरत्या पाण्याची तोटी करून द्यावी. म्हणजे लाकडाला मर्यादा आहे, कालव्याच्या पाण्याला माप आहे. विहिरीपाशी आले की दोन्ही सुटतात. सरकारने पाणाड्यांकडून सर्व जमिनी तपासून घ्याव्यात, जेथे झरे असतील त्या खुणा गावाच्या नकाशावर कराव्यात, आणि जो शेतकरी सरकारची मदत न घेता विहीर खणील त्याला बक्षीस द्यावे. किती विहिरी, किती अंतरावर, एकीचे पाणी दुसरीने ओढले तर काय, याबद्दल एक शब्द नाही. झरा जणू त्या सर्व्हे नंबराचाच आहे, असे गृहीत धरलेले आहे.

यावर कोणी म्हणेल की, १८८३ च्या लेखकाकडून पंपाची कल्पना अपेक्षिणे अन्यायाचे आहे. ते मला मान्य आहे. मोट होती तोवर मर्यादा लिहून ठेवण्याची गरजच नव्हती. बैल दमले की उपसा थांबत असे, आणि रात्रीतून विहीर पुन्हा चढत असे. विहिरीचा विसावा बैलाच्या विसाव्यात दडलेला होता. परंतु माझा आक्षेप पंपाचा नसून मालकीचा आहे. ग्रंथ लिहिला जाण्याच्या आदल्याच वर्षी, १८८२ साली, सुविधाधिकारांचा कायदा झाला. आपल्या हद्दीत जमिनीखाली असलेले व ठराविक प्रवाहातून न वाहणारे सर्व पाणी गोळा करण्याचा व त्याची वाटेल ती विल्हेवाट लावण्याचा जमीनमालकाचा हक्क त्या कायद्याने नमूद केला. मुंबई इलाख्यास तो काही वर्षांनी लागू झाला. चार वर्षांच्या अंतराने झालेले हे दोन कायदे शेजारी ठेवून पाहावेत. जंगलच्या कायद्याने गावाची सामाईक वस्तू सरकारची झाली. दुसऱ्याने, फारसा गाजावाजा न होता, गावाची आणखी एक सामाईक वस्तू ज्याच्या नावावर जमीन त्याची ठरली. जोतीरावांचा असूड पहिल्यावर सणसणीत पडला. दुसऱ्यावर तो उगारलाही गेला नाही, कारण विहीर त्यांच्या कुणब्याची होती आणि कुणबी हा त्यांचा पक्षकार होता. ज्यांच्या नावावर जमीनच नाही अशा अतिशूद्रांचाही तो तितकाच पक्षकार ग्रंथ आहे. त्यांच्या वाट्याला या झऱ्यांच्या नकाशात काय आले असते, हा प्रश्न ग्रंथाने स्वतःला विचारायला हवा होता.

हे मला पुस्तकावरून सुचलेले नाही. महसूल खात्यातील माझ्या नोकरीची काही वर्षे मेहसाणा जिल्ह्यात गेली. विसनगरच्या बाजूच्या एका गावी पीकपाहणीस गेलो असता एका वृद्ध शेतकऱ्याने आपल्या आजोबांची विहीर दाखविली. थारोळ्याच्या दगडावर सोंदुराच्या घर्षणाने बोटभर खोल खाचा पडलेल्या होत्या. आजोबांच्या वेळी दोन बैलजोड्या पाळीपाळीने चालत. वडिलांनी तेलाचे इंजिन बसविले, विहिरीच्या तळाशी बोअर घेतले. पुढे भाऊबंद व शेजारी मिळून भागीदारीची ट्यूबवेल झाली. तिला मशीनच्या कंपनीसारखे हिस्से, आणि ज्यांचा हिस्सा नाही त्यांनी पाण्यापोटी पिकाचा वाटा द्यायचा. मी गेलो तेव्हा तीही आटत चालली होती, आणि मुलाला बोअर आणखी खाली न्यायचे होते. विहिरीत कबुतरांची घरटी होती. मुलाच्या कर्जाच्या कागदासाठी उताऱ्यावर सिंचनाचे साधन अमुक, मालक अमुक, अशी नोंद लागत होती. तिच्याखाली माझी सही आहे. अशा सह्या मी किती केल्या ते मोजलेले नाही. सर्व नियमाप्रमाणे होत्या. ते पाणी खरोखर त्याच सर्व्हे नंबराचे आहे का, हा रकानाच त्या नमुन्यात नव्हता.

उत्तर गुजरातची जमीन गाळाची, थरांवर थर असलेली. वरच्या थरातले पाणी दरवर्षीच्या पावसाने भरते. ते खरे पुनर्निर्मितीक्षम. खालच्या बंदिस्त थरांतील पाणी अरवलीच्या पायथ्याशी मुरून हळूहळू सरकत आलेले, कित्येक ठिकाणी हजारो वर्षांपूर्वीचे. वरचे संपल्यावर खालचे उपसू लागले, म्हणजे शेतकऱ्याच्या दृष्टीने विहीर तीच, पीक तेच, पण व्यवहार बदलला. कोळसा काढावा तसे ते पाणी काढणे आहे. काही ठिकाणी कूपनलिका दोनशे-तीनशे मीटरपर्यंत गेल्या. पाण्यात फ्लोराइड वाढले. गावोगाव मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग मी पाहिले आहेत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस राज्यात शेतीपंपाची वीज मीटरऐवजी अश्वशक्तीवर ठरविलेल्या ठोक दराने मिळू लागली, तेव्हा पंप बंद करण्याचे उरलेसुरले कारणही गेले. २००३ ते २००६ या काळात ज्योतिग्राम योजनेखाली शेतीच्या वीजवाहिन्या वेगळ्या करून पुरवठा दिवसाला आठ तासांवर आणला गेला. बैलाचा दम गेल्यावर पंपाला विसावा मिळाला तो हा असा. पिण्यासाठी आता नर्मदेचे पाणी नळाने येते, ही मोठीच सोय झाली. जमिनीखालचा हिशेब तिने मिटत नाही.

हा हिशेब एकट्या मेहसाण्याचा नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे ४४७ अब्ज घनमीटर पाणी जमिनीत मुरते आणि सुमारे २४५ अब्ज घनमीटर उपसले जाते. हे आकडे वाचून समाधान मानणाऱ्यांची मला गंमत वाटते. ब्रह्मपुत्रेकाठी मुरलेले पाणी पंजाबच्या किंवा पाटणच्या विहिरीत येत नाही. सरासरीने कागद भरतो, विहीर भरत नाही. (मी जन्मभर कागदच भरले, तेव्हा हे बोलण्याचा अधिकार मला आहे.)

जोतीरावांच्या तालीबंधाऱ्यांना पुढे काय फळ आले, तेही आपल्याच जुन्या राज्याच्या एका प्रांतात पाहता येते. १९८० च्या दशकातील लागोपाठच्या दुष्काळांनंतर सौराष्ट्रात, अमरेली धरून, पावसाचे पाणी विहिरीत सोडण्याची मोठी चळवळ झाली. पांडुरंगशास्त्री आठवले यांच्या स्वाध्याय परिवाराने ती गावोगाव नेली. पुढे सरकारने २००० सालापासून लोकसहभागाने बांधबंधाऱ्यांचा कार्यक्रम घेतला. पाणी मुरले, विहिरी चढल्या. सरकारी शिपायांनी करावे असे जोतीराव म्हणत होते ते लोकांनी स्वतः केले. परंतु मुरविण्याची शिस्त आली म्हणून उपशाची शिस्त आली असे झाले नाही; पाणी दिसले तसा कापूस वाढला. पाचवे प्रकरण जेथे थांबते, तेथेच ही चळवळही थांबली, असे मला वाटते.

त्यापुढचे पाऊल ज्याने टाकले तो प्रयोग मात्र जोतीरावांच्या पूर्वजांच्या तालुक्यातला आहे. फुले घराण्याचे खानवडी गाव पुरंदर तालुक्यात आहे. त्याच तालुक्यातील नायगाव येथे (सावित्रीबाईंचे नायगाव निराळे, ते खंडाळ्याकडील) १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. उघड्या माळावर ताली, बंधारे, पाझर तलाव, इथपर्यंत सारे 'असूडा'तल्यासारखेच. त्यानंतरचे नियम मात्र 'असूडा'त नाहीत : पाण्याचा वाटा जमिनीच्या क्षेत्रावर नव्हे, घरातील माणसांच्या संख्येवर, भूमिहीनासही वाटा, पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकता येणार नाही, ऊस लावायचा नाही. साळुंखे २००२ साली गेले. त्यांच्या पद्धतीचे अनुकरण फार झाले नाही. ज्याच्या विहिरीला आज पाणी आहे त्याला हे नियम रुचण्यासारखे नाहीत, आणि १८८२ चा कायदा त्याच्या बाजूस उभा आहे. महाराष्ट्राने २००९ साली भूजलाचा कायदा केला, तरी खेड्यातल्या माणसाच्या मनातून 'माझी जमीन, माझे पाणी' हे निघालेले नाही. माझ्या पिढीच्या अधिकाऱ्यांच्या मनातूनही ते निघाले होते असे मी म्हणणार नाही.

'असूडा'ची पुढची आवृत्ती कोणी सटीप काढणार असेल, तर दुसऱ्या व पाचव्या प्रकरणांना शेतीचा, पाण्याचा आणि जुन्या महसुली पद्धतीचा जाणकार टीपाकार मिळावा. ताल, पडीत, गायरान, पाणाडी हे शब्द आपल्या नातवंडांना कोशात शोधावे लागतात. येथल्या घरांत तर गुजरातीतले पर्याय आधी आठवतात. आपल्या वाचनमंडळाने येत्या पावसाळ्यात पाचवे प्रकरण उघडावे अशी माझी सूचना आहे. त्या दिवशी अध्यक्षांनी आरंभीच्या ओळी म्हणण्याची मुभा कोणास देऊ नये.